खोडव्यात केवडा: हिराकस टाकूनही पोंगा पिवळाच का?

निरेकाठ_शिवार (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

फलटण भागातली जमीन आहे. चुनखडीयुक्त, मध्यम काळी. को ८६०३२ या उसाच्या जातीचा खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून फुटलेलं पीक), सरी चार फुटी, पाणी पाटाने. ऊस तुटून दोन महिने होत आले. फुटवे बरे निघाले, पण केवडा पडलाय, म्हणजे नवी पानं पिवळी पडलीत. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, असे लांबच लांब पट्टे दिसतात. काही बेटांत तर पोंग्यातली (शेंड्याच्या गुंडाळीतली) पानं जवळजवळ पांढरी आहेत. खालची जुनी पानं मात्र हिरवीच. सगळ्या शेतात सारखं नाही. सरीच्या शेपटाकडे, जिथे पाणी साचतं, तिथे जास्त आहे.

माती परीक्षण असं आलंय: सामू (पीएच) ८.४, क्षारता ०.४ डेसीसायमन, मुक्त चुना १४ टक्के, सेंद्रिय कर्ब ०.४८ टक्के. डीटीपीए पद्धतीने लोह ३.१, जस्त ०.५, मँगनीज ४.२, तांबं १.९ पीपीएम.

एकरी १० किलो हिराकस (लोहाचं खत) युरियात मिसळून फेकलं आणि पाणी दिलं. काही फरक नाही. पान तपासून घेतलं तर एकूण लोह पुरेसं असल्याचा अहवाल आला. म्हणजे लोहाची कमतरता नाहीच का? दुकानदार म्हणतात ईडीटीए चिलेटेड लोह (सेंद्रिय संयुगाने धरून ठेवलेलं, विरघळणारं लोह) जमिनीतून सोडा, सोबत सूक्ष्म अन्नद्रव्यांचा ग्रेड-१ एकरी १० किलो टाका. नेमकं काय करावं आणि आधीचं का लागू पडलं नाही, हे समजून घ्यायचंय.

---

मृदा_रसायन

निरेकाठ, अहवाल पूर्ण दिलात हे फार चांगलं केलंत. यावरून बरंच सांगता येतं.

तुमच्या जमिनीत लोहाचा साठा कमी नाही. एकरभर जमिनीच्या वरच्या १५ सेंटीमीटर थरात अंदाजे ९ लाख किलो माती असते. बेसॉल्टपासून बनलेल्या काळ्या मातीत लोह ५ टक्के धरलं तरी ते ४५ टन होतं. उसाला वर्षभरात लागतं फार तर काही किलो. पण हे लोह ऑक्साइड-हायड्रॉक्साइडच्या रूपात बांधलेलं आहे. सामू एक अंकाने वाढला की फेरिक लोहाची (हवेशी संयोग झालेल्या, सहज न विरघळणाऱ्या रूपाची; सहज विरघळणारं ते फेरस) विद्राव्यता हजार पटीने घटते. ८.४ सामूला मुळाभोवतीच्या पाण्यात विरघळलेलं लोह जवळपास नसतंच.

आता हिराकस का वाया गेलं ते पाहू. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, त्यात १९ टक्के लोह. ते ओल्या, हवेशीर, चुनखडीच्या मातीत पसरलं की फेरसचं फेरिक होतं आणि हायड्रॉक्साइड बनून खाली बसतं. याला आठवडे लागत नाहीत. थोडक्यात, ४५ टन न विरघळणाऱ्या लोहात तुम्ही आणखी दोन किलोची भर घातलीत. त्यात युरिया सोबत होता. युरियाचं विघटन होताना दाण्याभोवतीचा सामू काही दिवस आणखी चढतो, म्हणजे लोह नेमकं सगळ्यात अल्कधर्मी जागी जाऊन पडलं. हिराकस चुनखडीच्या जमिनीत कधीही एकटं फेकायचं नाही आणि युरियात मिसळून तर नाहीच.

सरीच्या शेपटाला केवडा जास्त का, याचं उत्तरही याच मातीत आहे. पाणी साचलं की मुळांचा आणि जिवाणूंचा श्वसनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. तो पाण्यात विरघळून चुन्याशी संयोग पावतो आणि बायकार्बोनेट तयार होतं. बायकार्बोनेट मुळाभोवतीचा सामू वरच धरून ठेवतं, मुळाने थोडंफार आम्ल सोडलं तरी ते लगेच मारून टाकतं. म्हणून भिजवण कमी करून वाफसा आणणं हाच अशा जमिनीत लोहाचा पहिला डोस आहे. हे मी अगदी मनापासून सांगतोय, कारण लोक पिवळेपणा दिसला की आणखी एक पाणी देतात आणि केवडा वाढतो.

विहिरीचं पाणी असेल तर तेही तपासा. कार्बोनेट आणि बायकार्बोनेटच्या बेरजेतून कॅल्शियम-मॅग्नेशियमची बेरीज वजा केली की उरतं ते शेष सोडियम कार्बोनेट. ते २.५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरच्या वर असेल तर पाणी सिंचनाला अयोग्य धरतात, १.२५ ते २.५ हा सावधगिरीचा पट्टा. कालव्याचं पाणी मिळतं तेव्हा केवडा आपोआप हलका होतो आणि विहिरीवर आलं की परत दिसतो, असं असेल तर रोख पाण्याकडेच आहे.

ग्रेड-१ बद्दल एक हिशोब करून बघा. महाराष्ट्राच्या ग्रेड-१ मध्ये लोह २ टक्के, जस्त ५, मँगनीज १, तांबं ०.५ आणि बोरॉन १ टक्का असतं. १० किलो टाकलंत तर लोह मिळालं २०० ग्रॅम आणि जस्त ५०० ग्रॅम. १० किलो हिराकसमध्ये १.९ किलो लोह येतं, ८ किलो झिंक सल्फेटमध्ये (२१ टक्केवाल्या) जवळपास १.७ किलो जस्त. तुमच्याकडे मँगनीजची मर्यादा (याच्या खाली गेलं तर कमतरता धरतात) २ पीपीएम आणि अहवाल ४.२, तांब्याची मर्यादा ०.२ आणि अहवाल १.९. म्हणजे ती दोन्ही विकत घेण्याची गरजच नाही. कमी आहेत ते लोह (मर्यादा ४.५) आणि जस्त (मर्यादा ०.६). जे कमी आहे तेच घ्या.

---

पर्णहरित

वरच्या उत्तरात मातीची बाजू आली. पानाची बाजू मी मांडते, कारण "पानात लोह पुरेसं" या अहवालाने अनेकजण फसतात.

प्रयोगशाळेत पान जाळून किंवा आम्लात विरघळवून जे मोजतात ते एकूण लोह. केवडा पडलेल्या पानात एकूण लोह हिरव्या पानाइतकं, कधी त्याहूनही जास्त भरतं. कारणं दोन. पहिलं, पानाची वाढच खुंटलेली असते, त्यामुळे थोड्या वजनात तेवढंच लोह दाट दिसतं. दुसरं, बायकार्बोनेटमुळे पानाच्या शिरांपाशी आणि पेशींच्या बाहेरच लोह अडकून राहतं, हरितलवकापर्यंत पोहोचतच नाही. पिकाला कामाचं असतं ते सक्रिय लोह, म्हणजे मुख्यतः फेरस रूपातलं. ते ताज्या पानातून ऑर्थो-फिनॅन्थ्रोलीनने काढून मोजतात. पुढच्या वेळी तपासणी करायची तर सक्रिय लोह मोजून मिळेल का ते आधी विचारा. आणि पान वाळवण्याआधी सौम्य आम्लाने व नंतर शुद्ध पाण्याने धुतलं होतं का, तेही विचारा. पानावरच्या धुळीत एवढं लोह असतं की न धुतलेल्या नमुन्याचा आकडा निरुपयोगी ठरतो.

आता पान पिवळं का पडतं. हरितद्रव्याच्या रेणूत लोह नसतं, मध्यभागी मॅग्नेशियम असतं. पण ते हरितद्रव्य बनवण्याच्या साखळीतल्या एका टप्प्यावरचं विकर लोहाशिवाय चालत नाही, म्हणून उत्पादन तिथेच अडतं. शिवाय प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेलाच लोह भरपूर लागतं. प्रकाशप्रणाली-१ च्या एका संचात लोहाचे १२ अणू असतात. पुढे फेरेडॉक्सिन आणि सायटोक्रोम ही इलेक्ट्रॉन वाहून नेणारी प्रथिनं, दोन्ही लोहावर चालतात. लोह कमी पडलं की हरितलवकातले पडद्यांचे थर विरळ होतात, पहिला फटका प्रकाशप्रणाली-१ ला बसतो. नायट्राइटचं अमोनियात रूपांतरही फेरेडॉक्सिनवर अवलंबून आहे. त्यामुळे केवडा पडलेल्या उसाला युरिया वाढवून दिला तरी त्या नत्राचं प्रथिन होण्याची वाटच अरुंद झालेली असते. पिवळेपणा बघून युरियाचं पोतं वाढवणं यासाठीच चुकीचं.

लोह पानातून पानात फारसं सरकत नाही. जुन्या पानातलं लोह नव्या पानाला मिळत नाही, म्हणून लक्षण पोंग्यात दिसतं आणि खालची पानं हिरवी राहतात. नत्राच्या कमतरतेत नेमकं उलट होतं, खालची पानं आधी पिवळी.

मुळाचं म्हणाल तर ऊस गवतवर्गीय आहे. हरभरा, भुईमूग, द्राक्ष, संत्रा ही द्विदल पिकं मुळाभोवती आम्ल सोडून, फेरिकचं फेरस करून लोह घेतात. गवतवर्गीय पिकं वेगळी वाट धरतात. त्यांची मुळं लोहाला पकडणारी सेंद्रिय संयुगं बाहेर सोडतात आणि फेरिक लोह त्यात गुंडाळूनच आत ओढतात. १९७६ मध्ये जपानमध्ये ताकागी यांनी ओट आणि भाताच्या मुळांच्या धुवणात ही संयुगं दाखवली. सातू आणि गहू ती भरपूर सोडतात, भात, मका, ज्वारी कमी. या संयुगांना मातीतले जिवाणू खाऊन टाकतात, म्हणून ती जिवंत पांढऱ्या मुळीच्या टोकाजवळ, थोड्या वेळात कामी यावी लागतात.

खोडव्याचं दुखणं इथेच आहे. तोडणीनंतर जुनी मुळं हळूहळू निकामी होतात आणि नव्या कोंबांची स्वतःची मुळं अजून थोडी व उथळ असतात. वर कोंब मात्र झपाट्याने फुटतात. मागणी मोठी, मुळी छोटी. थंडीत तुटलेल्या खोडव्यात मुळांची हालचाल आणखी मंद. लागणीत त्याच शेतात केवडा दिसला नाही आणि खोडव्यात दिसला, याचा उलगडा बहुतेक वेळा हाच असतो.

---

पाचट_परीक्षक

दोघांशी सहमत. मग लोह पानावर फवारूनच द्यावं लागेल, पण त्याआधी एक खात्री करून घ्या. पोंगा पिवळा पडण्याची कारणं आणखीही आहेत आणि त्यांना हिराकस लागू पडत नाही.

गवताळ वाढ हा रोग असेल तर बेटातून गवतासारखे असंख्य बारीक फुटवे येतात, पानं अरुंद आणि पांढुरकी, त्यात हिरव्या शिरांचे स्पष्ट पट्टे नसतात. ते बेट उपटून नष्ट करणं हाच उपाय, फवारणीत पैसे घालू नका. पोक्का बोइंग या बुरशीच्या रोगात कोवळ्या पानाचा बुडाकडचा भाग फिकट पडतो, पान मुरडतं, सुरकुततं. गंधकाची कमतरता असेल तर नवं पान सगळंच एकसारखं फिकट असतं, शिरांसकट. जस्त कमी असेल तर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना फिकट पट्टा, पान लहान आणि कांडी आखूड. शेजारच्या बांधावर ग्लायफोसेट मारलं असेल आणि वारं तुमच्याकडे असेल, तरी पोंगा बुडाशी पांढरा पडतो. आणखी एक: आम्लधर्मी जमिनीतला सल्ला आपल्याकडे उचलून आणू नका. चीनमध्ये ग्वांगशीत खोडवा पिवळा पडतो तो मँगनीज जास्त झाल्यामुळे, तिथली जमीन आम्लधर्मी आहे. आपली गोष्ट अगदी वेगळी.

तुमचं वर्णन लोहाचंच आहे, तरी पान रंगवून बघा. एक लिटर स्वच्छ पाण्यात आधी १ ग्रॅम सायट्रिक अॅसिड, मग ५ ग्रॅम हिराकस आणि दोन थेंब चिकटद्रव्य. पिवळ्या पानाच्या मधल्या शिरेच्या एकाच बाजूला हे द्रावण ब्रशने लावा, दुसऱ्या बाजूला नुसतं पाणी. पानाला दोरा बांधून खूण करा. दुसऱ्या पानावर असंच झिंक सल्फेट ५ ग्रॅम, त्यात अर्धा भाग म्हणजे २.५ ग्रॅम विरी गेलेल्या चुन्याची गाळलेली निवळी. आठवड्याभरात जी बाजू हिरवी झाली ते अन्नद्रव्य कमी. पन्नास रुपयांत होणारी ही परीक्षा हजारांच्या फवारण्या वाचवते.

लोहच निघालं तर एकरी २०० लिटर पाण्याचं प्रमाण असं:

सायट्रिक अॅसिड २०० ग्रॅम
हिराकस १ किलो
युरिया २ किलो
चिकटद्रव्य लेबलप्रमाणे

१५ लिटरच्या पंपाला हेच १५ ग्रॅम, ७५ ग्रॅम आणि १५० ग्रॅम होतं. क्रम महत्त्वाचा आहे. पाण्यात सायट्रिक आधी, सामू ५.५ ते ६ च्या आसपास आला की हिराकस, शेवटी युरिया. विहिरीचं पाणी जड असेल तर सायट्रिक थोडं जास्त लागेल, सामू दाखवणाऱ्या पट्टीने बघून घ्या. द्रावण फिकट हिरवट राहिलं पाहिजे. तांबूस झालं, तळाला गाळ बसला, तर लोह फेरिक होऊन बसलंय. ते मारलं तर पानावर गंजाचे डाग पडतील आणि उपयोग शून्य. द्रावण करून रात्रभर ठेवू नका, केलं की संपवा.

हिराकस घेतानाच खडे पाहा. फिकट हिरवे पाहिजेत. तपकिरी, पिवळट भुकटी झालेलं आणि ओलसर पोतं असेल तर दुकानातच ठेवा.

फवारणी सकाळी दव गेल्यावर किंवा संध्याकाळी चारनंतर. भर उन्हात मारली तर थेंब वाळून पानावर मीठ साचतं, कडा जळतात. १ टक्क्याच्या वर कधीही जाऊ नका. पोंग्यात आणि पानाच्या खालच्या बाजूला तुषार पोहोचला पाहिजे. थेंब पडला तेवढीच जागा हिरवी होते, हे लक्षात असू द्या, कारण वर पर्णहरित यांनी सांगितलंय तसं लोह पानात पसरत नाही. पहिल्या फवारणीनंतर पान ठिपक्याठिपक्यांनी हिरवं झालं तर निदान बरोबर आहे, घाबरू नका. ८ ते १० दिवसांनी दुसरी आणि गरज पडली तर तिसरी. मधल्या काळात उमललेलं पान परत पिवळं निघणारच, कारण त्याच्यावर फवारा पडलेला नसतो.

या टाकीत १२:६१:०० किंवा ००:५२:३४ ही स्फुरदाची विद्राव्य खतं मिसळू नका. लोह आणि जस्त स्फुरदाशी बांधलं जाऊन गाळ होतो. आणि जस्ताला चुन्याची निवळी लागते म्हणून ती लोहाच्या टाकीत ओतू नका. चुन्याने लोह जागीच बसतं.

---

निरेकाठ_शिवार

पान रंगवून पाहिलं. हिराकस लावलेली बाजू स्पष्ट हिरवी झाली. झिंकच्या पानात किंचित फरक, फार नाही. गवताळ वाढीची दोन बेटं निघाली, ती काढली.

आणखी तीन शंका. १) शेजारचे शेतकरी ड्रीपमधून लाल रंगाचं ईडीडीएचए लोह सोडतात, डाळिंबाला. उसाला ते चालेल का, की ईडीटीए? २) गंधक टाकून चुना मारता येतो असं म्हणतात, किती टाकावं? ३) जमिनीतून लोह द्यायचंच नाही का?

---

मृदा_रसायन

चांगलं झालं, निदान पक्कं झालं.

चिलेटचं असं आहे. ईडीटीए लोहाला साधारण साडेसहा सामूपर्यंतच घट्ट धरून ठेवतं. तुमच्या ८.४ च्या जमिनीत ते लोह सोडून कॅल्शियम पकडतं आणि लोह पुन्हा खाली बसतं. म्हणजे जमिनीतून ईडीटीए लोह देणं हे महागात हिराकस फेकण्यासारखंच. डीटीपीए साडेसातपर्यंत टिकतं. ईडीडीएचए मात्र ९ च्या आसपासही लोह सोडत नाही, चुनखडीच्या जमिनीत जमिनीतून द्यायला तेच खरं चिलेट. त्यात लोह ६ टक्के असतं. लेबलवर ऑर्थो-ऑर्थो किती टक्के लिहिलंय ते पाहा, जमिनीत टिकणारा भाग तोच. प्रकाशात त्याचं विघटन होतं, त्यामुळे ते फवारायचं नसतं, मुळाशीच द्यायचं.

पण उसाच्या बाबतीत माझा सल्ला थांबण्याचा आहे. डाळिंब, द्राक्ष, संत्रा यांची मुळं पृष्ठभागावर फेरिकचं फेरस करून ईडीडीएचएमधून लोह काढून घेतात, चिलेट पुन्हा मातीत जाऊन दुसरं लोह आणतं. ऊस, मका, ज्वारीची मुळं हे काम फारसं करत नाहीत. त्यांना आपल्या संयुगाने त्या घट्ट चिलेटमधून लोह ओढून घ्यावं लागतं आणि ते सावकाश होतं. त्यामुळे डाळिंबाला जे चटकन लागू पडतं तेच उसाला तेवढं पडेल असं नाही, आणि किंमत तर तुम्हाला माहीतच आहे. फवारणीसाठी ईडीटीए लोह चालतं, पानावर सामूची अडचण नसते. फक्त हिशोब ठेवा: २०० लिटरमध्ये १ ग्रॅम प्रति लिटरने १२ टक्क्यांचं ईडीटीए घातलं तर पानावर लोह जातं २४ ग्रॅम. १ किलो हिराकसमधून १९० ग्रॅम. ईडीटीए पान जाळत नाही, मिसळायला सोपं आहे, पण हिराकस नीट बनवलं तर उसाला पुरेसं आणि स्वस्त.

गंधकाचा हिशोब सरळ आहे आणि तो केला की मोह सुटतो. १०० किलो चुना संपवायला ३२ किलो गंधक लागतं. तुमच्या एकरभर थरात १ टक्का चुना म्हणजे ९ टन. त्या एका टक्क्यालाच जवळपास २.९ टन गंधक. तुमच्याकडे १४ टक्के आहे. संपूर्ण शेताचा चुना मारणं हा विचार सोडून द्या. गंधक उपयोगी पडतं ते मुळालगत छोट्या पट्ट्यात, शेणखतासोबत, एकरी १५-२० किलो, तेही ओल आणि जिवाणू असतील तर. सामू बदलतो तो त्या पट्ट्यापुरता आणि काही काळापुरता. मुळी तिथे असली की तेवढं पुरतं.

याच कारणाने नत्राचा काही भाग युरियाऐवजी अमोनियम सल्फेटमधून द्या. मूळ अमोनियम घेताना बाहेर आम्ल सोडतं, नायट्रेट घेताना उलट. सोबत गंधकही मिळतं. केवडा असलेल्या उसात कॅल्शियम नायट्रेट सोडणं टाळा.

---

पाचट_परीक्षक

तिसऱ्या शंकेचं उत्तर: जमिनीतून द्यायचं, पण मुरवून.

लागण असो वा खोडवा, प्रमाण हेक्टरी २५ किलो हिराकस आणि २० किलो झिंक सल्फेट, म्हणजे एकरी १० आणि ८ किलो. मँगनीज सल्फेट आणि टाकणखार (बोरॉनसाठी) यांचीही शिफारस असते (हेक्टरी १० आणि ५ किलो), पण ती कमतरता असेल तरच. मँगनीज तुम्हाला नको. बोरॉन अहवालात नाही, तपासल्याशिवाय टाकू नका, बोरॉनची कमी आणि जास्त यात अंतर फार थोडं आहे.

ही १८ किलो खतं दसपट, म्हणजे १८० ते २०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा. सावलीत ढीग, हाताने दाबलं तर ओल जाणवेल पण पाणी ठिबकणार नाही एवढं पाणी, वर ओलं गोणपाट, ५ ते ६ दिवस. सेंद्रिय आम्लं लोह-जस्ताला धरून ठेवतात, हे आपलं घरचं चिलेट. शेणखत कच्चं असेल तर फायदा उलटतो, कुजताना तेच कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि बायकार्बोनेट वाढवतं. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) वापरणार असाल तर ती गंधक प्रक्रियेच्या कारखान्याची आहे का विचारा. कार्बोनेशन प्रक्रियेच्या मळीत चुनाच असतो, ती तुमच्या शेतात नकोच.

खोडव्यात द्यायचं कसं? पाचट ठेवलं असेल तर पहारीने. बुडख्यापासून १० ते १५ सेंटीमीटरवर, १५ ते २० सेंटीमीटर खोल, दोन छिद्रांत ३० सेंटीमीटर अंतर. चार फुटी सरीत एकरी साधारण ११ हजार छिद्रं होतात, म्हणजे प्रत्येक छिद्रात १८-२० ग्रॅम मिश्रण, पाच बोटांच्या चिमटीत येईल एवढं. छिद्र मातीने बुजवा. सिंगल सुपर फॉस्फेट किंवा डीएपी ज्या छिद्रात घालता त्यात हे घालू नका, बुडख्याच्या दुसऱ्या बाजूला घाला, नाहीतर जस्त स्फुरदाशी बांधलं जातं. खरं तर ही मात्रा खताच्या पहिल्या हप्त्यासोबत, तोडणीनंतर १५ दिवसांच्या आत पडायला हवी. तुमची वेळ निघून गेलीय, तरी वाफशावर आत्ता द्या. आत्ताचा पोंगा फवारणीने हिरवा होईल, पुढच्या महिन्यांची सोय छिद्रातल्या खतातून होईल.

हिराकस ड्रीपमधून सोडायचा विचार कुणी करत असेल तर त्यालाही सांगून ठेवतो: अल्कधर्मी पाण्यात ते लॅटरलमध्येच गंजतं आणि ड्रीपर बंद पडतात.

---

माळरान_शेंग

मध्येच विचारतो. आमच्याकडे चुनखडीत भुईमूग पिवळा पडतो. वरचंच प्रमाण चालेल का?

---

पर्णहरित

फवारणी चालेल, पण हिराकस ०.५ टक्क्यावरच थांबा आणि आधी दहा रोपांवर मारून दोन दिवस पाहा, भुईमुगाचं पान उसापेक्षा कोवळं. भुईमूग द्विदल असल्याने त्याला मुळाशी ईडीडीएचए उसापेक्षा चांगलं लागू पडतं. दुसरी एक गोष्ट तुम्हाला फुकटात मिळेल. चुनखडीच्या जमिनीत भुईमुगाच्या ओळीशेजारी मका असेल तर भुईमूग कमी पिवळा पडतो, हे चीनमधल्या संशोधनात दिसलंय. मक्याच्या मुळांनी सोडलेल्या संयुगांनी जे लोह सुटतं त्यातलं काही शेजारच्या भुईमुगालाही मिळतं. मुळं एकमेकांत मिसळतील इतक्या जवळ ओळी हव्यात. आणि पाणी साचू देऊ नका, हे दोन्ही पिकांना सारखंच लागू.

---

निरेकाठ_शिवार

पाटपाणी देताना सरीचं शेपूट मोकळं केलंय. पहिली फवारणी प्रमाणाप्रमाणे झाली, ठिपके हिरवे दिसतायत. शेवटचं विचारतो: झिंक ०.५ आहे, तर लोहाच्या टाकीतच झिंक सल्फेट टाकलं तर? आणि पुढच्या लागणीला काय बदलू?

---

मृदा_रसायन

टाकता येईल, पण ०.२५ टक्का, म्हणजे २०० लिटरला अर्धा किलो, आणि सायट्रिकच्या द्रावणातच, चुना न घालता. त्याहून वाढवू नका. जस्त जास्त झालं तर तेच लोहाच्या वाटेत आडवं येतं. तुमच्या पान रंगवण्याच्या परीक्षेत जस्ताचा फरक किंचित होता, म्हणजे मुरवून दिलेल्या ८ किलोतूनही ते भागायला हरकत नाही. दोन वर्षांतून एकदा दिलं तरी जस्त मातीत टिकून राहतं, दर हंगामाला नको.

पुढच्या लागणीआधी ताग घ्या आणि फुलोऱ्यात येताच गाडा. गाडल्यावर लगेच लागण करू नका, तो कुजून जाऊ द्या, कारण वर सांगितलं तसा कुजतानाचा कार्बन डायऑक्साइड नव्या मुळांना नको. लागणीच्या सरीत मुरवलेलं लोह-जस्त बेण्याखाली पट्ट्यात द्या. शक्य असेल तर पाट सोडून ठिबक करा, चुनखडीच्या जमिनीत त्याचा मोठा फायदा पाणी वाचण्यापेक्षा वाफसा टिकण्यात आहे. आणि सरीच्या शेपटाला जिथे केवडा नेहमी दिसतो, तिथला मातीचा नमुना वेगळा काढा. सगळ्या शेताचा एकत्र नमुना काढला की तिथला चुना बाकी मातीत मिसळून झाकला जातो.